आमचा खासदार गिरणगावात ठरायचा

नमस्कार मंडळी. मला चाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा सत्कारात गेली, आणि हा नारळ अजून माझ्या हातातच आहे, तो इथे टेबलावर ठेवतो. पत्रिकेत विषय छापलाय 'पुनर्रचना आणि राजापूरचा मतदारसंघ', त्यावर बोलणार आहेच, पण आधी एक जुनी तक्रार आहे ती ऐका.

इलेक्शन आलं की टीव्हीवर कोणीतरी बोलतंच, कोकणी माणूस भावनिक मतदान करतो, नाथ पैंच्या भाषणावर भाळला, दंडवत्यांच्या साधेपणावर भाळला. भाळला म्हणे! १९५७, ६२, ६७ असे तीनदा राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै. १८ जानेवारी १९७१ ला ते गेले आणि दोनच महिन्यांत निवडणूक, देशात इंदिराबाईंची लाट, आणि आपण निवडून दिला कोण, तर अहमदनगरात जन्मलेला, मुंबईत फिजिक्स शिकवणारा प्रोफेसर, मधु दंडवते. तेही प्रजा समाजवादी पक्षाचा, ज्याचे त्या वर्षी लोकसभेत दोन खासदार आले, दोन! मग ७७, ८०, ८४, ८९. सलग पाच वेळा. ८४ ला तर इंदिराजींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट होती, भलेभले वाहून गेले, राजापूर जागचं हललं नाही. नुसतं भाळून एवढं होत नाही हो.

माझं म्हणणं असं की राजापूरचं मत राजापुरात ठरतच नव्हतं. ते ठरायचं लालबाग-परळला, चाळीच्या गॅलरीत. कसं, ते माझ्या आजीच्या मनीऑर्डरवरून सांगतो. (हसू नका, काही जणांनी हे आधी ऐकलंय मला माहितीय, पण नवीन माणसंही आलीयत.)

माझा काका गिरणीत होता. महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि फॉर्मच्या खाली ते कुपन असायचं बघा, चार ओळी लिहायला. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोस्टमन खळ्यात उभा राहून मोठ्याने वाचायचा आणि अर्धी वाडी ऐकायला जमायची, कारण प्रत्येकाला आपल्या चाकरमान्याची खबर त्यातच मिळायची. आता गंमत अशी की दंडवत्यांची निशाणी बदलली होती. ७१ ला झोपडी, ७७ ला चक्रातला नांगरधारी शेतकरी. आजीचं शिक्क्याचं गणित झोपडीवर पक्कं. ७७ च्या मार्चात कुपन आलं, पोस्टमनने खणखणीत आवाजात वाचलं, "आये, यंदा झोपडी नाय. नांगरवालो शेतकरी. मानूस तोच." झालं! गुप्त मतदानाचा कायदा खळ्यातच संपला. आजीने विचारलं, झोपडीक काय झाला? पोस्टमन म्हणाला, इंदिराबायन मोडली. तो काँग्रेसवाला होता की आमचा, मला आजपर्यंत कळलेलं नाही. आणि शेजारची म्हातारी, जिचा मुलगा मुंबईत असून पत्रच घालत नसे, ती आमच्या काकाच्या कुपनावर मत देऊन आली. म्हणजे एका मनीऑर्डरवर किती मतं हे तुम्हीच मोजा.

त्यानंतर दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गादी आली. आमच्याकडे तेव्हा रेल्वेच नव्हती, आम्ही एसटीच्या पत्र्यावर आदळत होतो, पण अभिमान केवढा! देशाची पाठ वाचवली आमच्या खासदाराने.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

तर भराभर सांगतो. १८ जानेवारी १९८२, गिरण्यांचा संप. तारीख बघा, नाथ पै गेले तीच. अडीच लाख कामगार, कुपनं बंद. ८४ ला दंडवते आले कारण निशाणी तीच होती, आजीला विचारावं लागलं नाही. पण चाळ बदलत होती, काका संध्याकाळी युनियनच्या ऑफिसात बसायचा तो आता शिवसेनेच्या शाखेत बसायला लागला. ८९-९० च्या सरकारात दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, ९० ला कोकण रेल्वे महामंडळ झालं, आणि ९१ ला दंडवते पडले! काँग्रेसचे सुधीर सावंत आले. गाडी पूर्ण मार्गावर धावली ९८ ला. तोवर ९६ पासून सुरेश प्रभू, धनुष्यबाण, चार वेळा. तेही पुढे रेल्वेमंत्री झाले, पण २०१४ ला, राज्यसभेतून.

आता पुनर्रचना, ज्यासाठी मला बोलावलंय. २००८ ला 'राजापूर' हे लोकसभेचं नाव गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं. चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी असे सहा. विधानसभेतून मालवण, देवगड, वेंगुर्ला ही नावंच पुसली. आणि तेव्हापासूनच्या चारही निवडणुकांत पहिल्या दोघांत एक राणे आहेच. २००९ ला निलेश राणे काँग्रेसकडून, हरले कोण तर प्रभू. २०१४ आणि १९ ला विनायक राऊत जिंकले, समोर निलेशच. २०२४ ला नारायण राणे कमळावर, सुमारे ४८ हजारांनी, राऊत हरले. म्हणजे मतदान आता राणे हवेत की नकोत यावर होतं, आणि ते इथेच ठरतं, मुंबईत कोणी कोणाला कुपन लिहीत नाही. उलट इथूनच व्हॉट्सअॅप जातं दादरला. आकडेवारीचे तीन कागद आणलेत, ते राहिले, हवे त्यांनी झेरॉक्स काढून घ्या.

दुसरी चिठ्ठी. हो हो, थांबतोच.

काका आता गावातच असतो, नव्वदीकडे झुकलाय. २०२४ ला राऊतांची मशाल आणि राण्यांचं कमळ, ९६ पासून प्रत्येक लोकसभेला दिसलेला धनुष्यबाण मशीनवर दोघांकडेही नव्हता. मत देऊन आला आणि मला फोन, "अरे, बाण खंय गेलो?" मी म्हटलं काका, आता तुम्हीच कुपन पाठवा.

प्रश्न चहाच्या वेळी विचारा. आणि तो नारळ कोणाचा असेल तर घेऊन जा.