वेबसाइटवर मिस्सा होत नाही

(वसईतल्या एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या कॅथलिक समाजाच्या, युवक मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

श्रद्धेविषयी स्वतःची वेबसाइट करायची तर सुरुवात कुठून करायची, असं तुमच्यापैकी काहींनी मला दारातच विचारलं. मी सुरुवात मिलानपासून करतो.

कार्लो अक्युतिसचा जन्म 1991 सालचा, लंडनचा, पण वाढला तो मिलानमध्ये. शाळकरी वयात मोठमोठी पुस्तकं समोर ठेवून तो स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकला. आपल्या धर्मग्रामाच्या वेबसाइटचं काम त्याने केलं आणि मग जगभरच्या ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची नोंद करायला घेतली. ख्रिस्तप्रसाद म्हणजे मिस्सा या चर्चमधल्या मुख्य उपासनेत मिळणारी भाकर, जी आपण ख्रिस्ताचं शरीर मानतो. 12 ऑक्टोबर 2006 रोजी ल्युकेमियाने तो गेला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. 7 सप्टेंबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं.

जीन्स आणि बूट घातलेला त्याचा देह असिसीमध्ये आहे, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला त्याहून त्याचं काम बघावंसं वाटतं. मुलगा पंधराचा, पण त्या कामाचा विषय तो स्वतः नव्हता. विषय होता वेदीवरचा ख्रिस्त. कार्लो रोज मिस्साला जायचा. तिथे जे मिळायचं, तेच त्याला लोकांपुढे ठेवायचं होतं. कुठलं गाव, कुठलं शतक, काय घडलं, हे तो गोळा करत गेला.

2002 साली व्हॅटिकनने इंटरनेटविषयी एक दस्तऐवज काढला. त्यात स्वच्छ म्हटलंय की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, पापनिवेदन असे चर्चचे पवित्र विधी, नसतात. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. पडद्यावर ख्रिस्तप्रसाद मिळत नाही, पापनिवेदन होत नाही. मग आपली वेबसाइट कशासाठी? वाचणाऱ्याला उठवून देवळापर्यंत, म्हणजे चर्चपर्यंत, आणण्यासाठी.

माझी पहिली वेबसाइट तशी नव्हती. मेणबत्तीची चित्रं, इकडून तिकडून घेतलेले सुविचार. ते कुठल्याही गावच्या माणसाला करता आलं असतं. मग मी आईला रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, म्हणायला बसवलं आणि तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला, वहीतल्या जुन्या प्रार्थना टाइप केल्या. आखातात नर्स असलेल्या आमच्याच भागातल्या एका बाईंनी मला लिहिलं, "रात्रपाळीवरून आले की तुमच्या आईंबरोबर रोझरी म्हणते." त्या दिवशी मला कळलं की आपल्याकडे काय आहे.

आणि आपल्याकडे गोन्सालो गार्सिया आहेत! वसईत जन्मलेला हा माणूस आधी जपानमध्ये येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांबरोबर होता, मग व्यापारी झाला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात ब्रदर झाला. जपानी येत होती म्हणून दुभाष्या होऊन परत जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. एकूण सव्वीस जण होते. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. गोन्सालो भारतातले पहिले संत. त्यांना कोणी फादर लिहिलं की मला राहवत नाही. ते धर्मगुरू नव्हते, ब्रदर होते. श्रद्धेच्या पानावर चुकीची माहिती टाकू नका, विशेषतः चमत्कारांची. फिरत आलेलं काहीही उचलू नका. धर्मसभेने, म्हणजे कॅथलिक चर्चने, मान्य केलेलं काय आणि लोक नुसतं सांगतात ते काय, हे वेगवेगळं लिहा.

तांत्रिक भाग अवघड नाही. पहिलं पान मिस्साच्या वेळांचं करा आणि वेळ बदलली की त्याच दिवशी दुरुस्त करा. मजकूर मराठीत, युनिकोडमध्ये (कुठल्याही फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत) लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. आळीतल्या वयस्क माणसांचा आवाज रेकॉर्ड करायचा, तर आधी त्यांना विचारा.

सध्या मी आमच्या आळीतल्या क्रुसाचं पान करतोय. पायथ्याशी साल कोरलेलं आहे, पण वर्षानुवर्षं चुना बसल्यामुळे शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत. अंदाजाने लिहायचं नाही म्हणून ती जागा मी रिकामी ठेवली आहे. मे महिन्यात तिथे रोझरीला सगळे जमतात. त्याआधी आम्ही पोरं मिळून तो चुना हळूहळू खरवडणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी या.