शेवंती आणि तिरक्या कुंड्या

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळा म्हटलं की बाग करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोवळं ऊन येतं, पानांवरचं दव येतं. पण एखादा हिवाळा हट्टीच निघतो. आठ-आठ दिवस मळभ, मधूनच रिपरिप, आणि माती म्हणाल तर खुरपं लावावं असा वाफसा काही येत नाही. अशात शेवंती फुलायला घेते! आपण हळहळतो, की बाई गं, आणखी दहा दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?

ती थांबत नाही, कारण तिचा हिशेब पावसाशी नसून रात्रीशी असतो. रात्री लांबल्या की शेवंती कळ्या धरते. झाडं दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडलं, तंबाखूच्या झाडांवर प्रयोग करून. जाता जाता सांगते, तुमची शेवंती नुसतीच पालेदार वाढत असेल, कळीच धरत नसेल, तर रात्रभर जळणारा एखादा दिवा तिच्यावर पडतोय का तेवढं बघा. खताला बोल लावण्याआधी.

तर फुलं येणारच. ती टिकतील कशी, हा खरा प्रश्न. आणि इथे आपली पहिली चूक होते. आपण थंडीला घाबरतो. हिवाळी फुलांना थंडीचं फारसं काही वाटत नाही, उलट गारव्यात बऱ्याच फुलांचे लाल-जांभळे रंग अधिक गडद होतात. त्यांचा घात करतं ते साचून राहिलेलं पाणी. पाकळीवरचं आणि मुळाशी असलेलं.

गुलाबाचंच बघा. चांगली टपोरी कळी, अर्धवट उघडलेली, आणि तिथेच अडलेली. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, मग थोडं ऊन पडलं की त्या भिजलेल्या कागदासारख्या वाळून तपकिरी होतात. आतल्या पाकळ्यांना बाहेर पडायला वाटच राहत नाही. अशी कळी मी लगेच कापत नाही. नखाने तो वरचा तपकिरी पापुद्रा अलगद सोलते. दोन-तीन पाकळ्या निघाल्या की कधी कधी आतून अगदी स्वच्छ गुलाबी रंग दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी फूल उमलतं. कधी मात्र बोटांना बुळबुळीत लागतं, आत राखाडी लव दिसते. ती बोट्रायटिस नावाची बुरशी. मग कात्री घ्यायची, कळी थेट पिशवीत टाकायची, झाडाखाली नाही. तिथे पडलेल्या कुजक्या पाकळीवरूनच तिचे बीजाणू पुन्हा वर येतात.

शेवंतीचं दुखणं निराळं. एवढ्या पाकळ्या, प्रत्येकीत पाणी, फूल जड होऊन मान टाकतं. पाऊस थांबला की देठाला धरून हलकेच झटकायचं, बस्स. मला हे काम फार आवडतं. बाही ओली होते, पण फूल पुन्हा ताठ होतं.

आता मुळांकडे येऊ. एका ओल्या हिवाळ्यात माझ्या पेटुनियाने माना टाकल्या. मी काय करावं? तांब्याभर पाणी घातलं! दुसऱ्या दिवशी झाड आणखी मलूल, म्हणून आणखी एक तांब्या. चार दिवसांत ते गेलं. कुंडी उपडी केली तर मुळं काळी पडलेली, वास मारणारी. मुळांनाही श्वास लागतो, आणि प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट हळू तो पाण्यात पसरतो. चिखलात मूळ गुदमरतं, पाणी ओढेनासं होतं, आणि वरून झाड तहानलेलं दिसतं. तेव्हापासून बोट दोन पेरं मातीत खुपसल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडी घालायची सवय बहुतेकांना आहे. निचऱ्यासाठी म्हणून. भोकावर एखादी खापरी ठीक, पण जाड थर घालू नका. बारीक मातीतलं पाणी खालच्या भरड थरात सहजी उतरत नाही, ते मातीतच अडून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. खोटं वाटेल, म्हणून घरी एक गंमत करून बघा. भांडी घासायचा चौकोनी स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. ठिबकायचं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, फक्त त्याची उंची वाढली. कुंडीचंही असंच. खडीच्या थराने मातीची उंची कमी होते, कुंडी तिरकी केली की वाढते. खालची बशी काढा, एका बाजूला विटेचा तुकडा सरकवा, भोक उताराकडे येऊ द्या. थोडं का होईना, जास्तीचं पाणी निघून जातं.

काही फुलांनी तर ही सोय स्वतःच करून ठेवलीय. थंड प्रदेशातली स्नोड्रॉप आणि हेलेबोर ही फुलं खाली मान घालून फुलतात, म्हणजे पराग कोरडे राहतात. बऱ्याच फुलांचे पराग पाणी शोषून फुटतात, म्हणून ही छत्री. क्रोकस गारठा पडला की पाकळ्या मिटून घेतो आणि ऊब आली की उघडतो.

एक फायदाही आहे बरं का. पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, आणि परागीभवन लांबलं की कित्येक जातींची फुलं झाडावर जास्त दिवस राहतात. गारव्यात ती कोमेजतातही सावकाश. पॅन्सीची सुकलेली फुलं तेवढी देठासकट खुडत राहा, बी धरू देऊ नका, नव्या कळ्या येत राहतील.

माझ्याकडे सध्या सात कुंड्या विटांवर तिरक्या उभ्या आहेत. येणारा प्रत्येकजण आधी त्या सरळ करायला धावतो. मी दारातच स्पंज ठेवलाय.

नमस्कार.