फोटो आधी कोणी पाहिला?

नमस्कार मंडळी. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'फिल्मचा कॅमेरा की डिजिटल?' खडूनं प्रश्नचिन्ह एवढं मोठं काढलंय की मला वाटलं आपण सुनावणीला आलोय. उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. आधी दिलं तर निम्मी मंडळी भडंगाची पुडी घेऊन घरी जातील.

मी फोटोग्राफर नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. चौकट, रचना, प्रकाशाची कविता वगैरे ऐकायला कुणी आलं असेल तर माफी असावी. मी बोलणार ते तुमच्या-माझ्या कॅमेऱ्यांबद्दल. लग्नाला, बारशाला, सहलीला बाहेर निघायचे आणि उरलेलं वर्ष कपाटात साड्यांखाली झोपायचे, ते कॅमेरे.

आमच्या घरातला पहिला कॅमेरा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. आग्फा क्लिक थ्री. काहींच्या माना हलल्या, चला, समवयस्क आहेत! १२० नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. मागच्या बाजूला लाल काचेची बारीक खिडकी, तिच्यात आकडा बघत बघत रोल पुढे सरकवायचा. ऊन असलं की दांडी सूर्याच्या चित्रावर, आभाळ आलं की ढगाच्या. संपलं शिक्षण. रोल बहुतेक वेळा उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, 'इंदू', काळा-पांढरा. बारा फोटोंत अण्णा वर्ष काढायचे. एका रोलमध्ये मी मुंजीच्या आधी केसांसकट आहे आणि लगेच पुढच्या फोटोत मुंजीनंतर बिनकेसांचा. मुंज कुठे गेली? ती दोन फोटोंच्या मधल्या पट्टीत गेली. अण्णा म्हणाले, गर्दीत कोण काढत बसणार.

मी स्वतः कॅमेरा घेतला १९९२ साली, बोनसच्या पैशांतून. ३५ मिलिमीटरचा, फ्लॅशवाला. आणि १९९३च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. आता हे जरा सविस्तर सांगतो. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, बघू देत.

लग्नाला ठरवलेला फोटोग्राफर होताच, पण 'घरचे फोटो' हे खातं माझ्याकडे आलं. सकाळी देवक बसवायच्या गडबडीत, एका हातात केळीची पानं धरून मी रोल भरला. झाकण लावलं, दोनदा खटका दाबला, आकडा एकवर आला. झालं की! मग सुटलो. रुखवत घेतलं. गौरीहरापाशी बसलेली बहीण घेतली, नाकात नथ, डोळ्यांत पाणी, खिडकीतनं तिरपं ऊन. मामा तिला बोहल्यावर घेऊन चाललाय, तो घेतला. कुणालाही कधीही हसताना न दिसलेले आमचे थोरले काका जिलेबी खाताना हसले, तेसुद्धा घेतले. आकडा ३६ झाला. रोल हात राखून भरला तर एखाददुसरा फोटो जास्त निघतो, हे मला ठाऊक होतं. ३७ झाला. ३८ला जाऊन आकडा थांबला, पण खटका चालूच! मी बोटांवर मोजायला लागलो. चाळीस. एकेचाळीस. आईला म्हटलं, "आई, रोल द्रौपदीची थाळी झालाय, संपेचना." आई म्हणाली, "तुझ्या हाताला बरकत आहे." व्याह्यांनासुद्धा ही बरकत सांगून झाली.

दुसऱ्या दिवशी रोल घेऊन आमच्या नेहमीच्या कलर लॅबमध्ये गेलो. काउंटरमागं एक माणूस असायचा, माझ्याच वयाचा. त्यानं रोल हातात घेतला, उघडला नाही, धुतला नाही, नुसता फिरवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, फिल्म फिरलीच न्हाई. जीभ अजून बाहेर लोंबतीय बघा."

रोलच्या डबीतून फिल्मची जीभ बाहेर येते. तिची भोकं कॅमेऱ्यातल्या दातांत अडकली पाहिजेत. नाही अडकली तर तुम्ही दिवसभर खटके मारा, फिल्म डबीत आरामात बसून राहते. फिल्म फिरतेय की नाही हे कळायची एकच खूण, डावीकडचं रोल गुंडाळायचं बटण आपोआप फिरायला हवं. ते मी बघितलं नव्हतं. एकेचाळीस फोटो काढले, एकही निघाला नाही. काकांचं हसू गेलं ते गेलंच, पुन्हा ते हसले नाहीत. मेव्हणे आजही मला बघून हाताची बोटं मोजतात.

त्या माणसानं पैसे घेतले नाहीत. तोच रोल त्यानं स्वतःच्या हातानं कॅमेऱ्यात भरून दिला, बटण फिरताना दाखवलं, आणि म्हणाला, "पुढच्या फोटोला या." पुढचा फोटो निघाला जानेवारी १९९४मध्ये, बहिणीच्या पहिल्या संक्रांतीला. काळी चंद्रकळा आणि अंगभर हलव्याचे दागिने. हा फोटो लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे. वेळ राहिला तर.

त्या दिवसापासून आमची गट्टी जमली. बँक सुटली की मी त्याच्याकडे जाऊन बसायचो. बाहेरून आपल्याला वाटायचं, रोल टाकला, मशिननं कॉप्या काढल्या. तसं नव्हतं. आधी रोल धुणं. रसायन ३७.८ अंशांवर, डेव्हलपरमध्ये सव्वातीन मिनिटं, तापमान किंचित हललं की रंग बिघडला. मधेच लाइट गेली तर तो देवाचं नाव घ्यायचा, कोणत्या देवाचं आणि कशा शब्दांत, ते इथे सांगत नाही. मग निगेटिव्हची, म्हणजे धुतलेल्या, उलट्या रंगांच्या फिल्मची पट्टी मशिनमध्ये घालून एकेक फोटो डोळ्यांखालून काढायचा. समोर रंगांची बटणं आणि एक फोटो गडद-फिका करायचं. टक टक टक, पुढचा. शंभर वॉटच्या बल्बखाली काढलेला फोटो नारिंगी येणार, त्याचा नारिंगीपणा काढ. हळदीचा फोटो पिवळाच हवा, तिथं हात लावू नकोस. मशिनला हळद कळत नाही हो. सांगलीत राहून कळत नाही!

घरी गेल्यावर त्या काळातले फोटो उलटे करून बघा. पाठीवर फिकट करड्या अक्षरांत काहीतरी छापलेलं सापडेल. एन एन एन. एन म्हणजे नॉर्मल, काही बदल केला नाही. त्या जागी आकडा असेल तर तिथं कुणीतरी थांबून तुमच्या फोटोकडे बघितलंय.

आणि काय काय बघितलं असेल त्यानं! गावातल्या निम्म्या साखरपुड्यांचा सुगावा त्याला मुलीच्या बापाआधी लागायचा. कोण कुणाबरोबर महाबळेश्वरला गेलं होतं, ते त्याला माहीत. पण तोंडातून शब्द नाही. आम्ही कॅशियरसुद्धा एवढं गुप्त ठेवत नाही.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' म्हणजे पाच. बरं, डिजिटल.

पहिला डिजिटल कॅमेरा फिल्म विकणाऱ्या कोडॅक कंपनीच्याच एका इंजिनिअरनं केला, स्टीव्हन सॅसननं, १९७५ साली. ०.०१ मेगापिक्सेल, वजन ३.६ किलो, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे २०१२मध्ये कोडॅक दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत आली. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, बोलावलंत तर.

माझा पहिला डिजिटल २००४चा, ३.२ मेगापिक्सेल. घरात सगळे म्हणाले, पिक्सेल कमी पडणार. हिशेब सांगतो, ते माझं काम. ३.२ म्हणजे २०४८ गुणिले १५३६ ठिपके. पोस्टकार्ड साइझ कॉपीला, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, १८०० गुणिले १२०० पुरतात. कमी पडले नाहीत. त्रास वेगळाच झाला. जानेवारी २००६, सूनबाईंची पहिली संक्रांत. तीच काळी साडी, तेच हलव्याचे दागिने, कॅमेरा नवा. फोटो बघितला तर साडी राखाडी आणि हलवा म्हणजे नुसता चुना! दाणा वेगळा दिसेना, काटा दिसेना. मी दुकानदाराशी भांडून आलो. बहिणीचा १९९४चा फोटो शेजारी ठेवून दाखवला, हा बघा फिल्मचा, हलव्याचा एकेक काटा मोजून घ्या. बारा-तेरा वर्षं मी हाच फोटो दाखवत फिरलो. फिल्म ती फिल्म म्हणून.

मग २०१९चा पूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळे त्याच पाण्यातले. आमच्या तळमजल्यावरचा कॉम्प्युटर गेला आणि त्यातलं २००४ ते २०१५ गेलं. अल्बमच्या चिकट पानांतल्या कॉप्यांचा लगदा झाला. निगेटिव्ह मात्र ओल्याच होत्या, त्या स्वच्छ पाण्यात धुतल्या आणि चिमटे लावून दोरीवर वाळवल्या. हे लक्षात ठेवा, ओल्या निगेटिव्ह एकमेकींवर वाळू द्यायच्या नाहीत, जन्माच्या चिकटतात. त्यात संक्रांतीची पट्टी निघाली. मुलानं ती स्कॅन करून आणली. स्कॅन करणाऱ्यानं कुठलंच बटण दाबलं नव्हतं. आणि काय दिसलं? साडी राखाडी, चेहरा पांढराफटक. माझ्या फिल्मच्या फोटोतसुद्धा तीच चूक! फ्रेममध्ये काळं जास्त, म्हणून कॅमेरा घाबरला आणि त्यानं उजेड जास्त घेतला. १९९४लाही घेतला, २००६लाही. फरक एवढाच की १९९४ला काउंटरमागच्या माणसाला संक्रांत माहीत होती. त्यानं गडदचं बटण दाबलं. कोणाला सांगितलं नाही, कागदाच्या पाठीवर एक आकडा तेवढा उमटला असेल, आणि ती कॉपी पुरात गेली.

'पाच मिनिटे' आली. पळतो. फिल्मच्या बाजूनं खरं ते एक. कलर निगेटिव्हमध्ये उजेड जास्त झाला तरी हलव्याचे काटे आत शिल्लक राहतात, म्हणून काउंटरमागच्या माणसाला ते बाहेर काढता आले. डिजिटलच्या सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणाऱ्या चकतीवर, ठिपका एकदा काठोकाठ भरला की वरचं सांडून जातं, मग कुठलाही कारागीर ते परत आणत नाही. शिवाय त्या सेन्सरचा प्रत्येक ठिपका एकच रंग बघतो, लाल, हिरवा किंवा निळा, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं. दोन तृतीयांश रंग अंदाजाचा! असा ताळेबंद मी मांडला असता तर पेन्शन मिळाली नसती.

डिजिटलच्या बाजूनंही एक सांगतो, आणि ते मोठं आहे. मागे पडदा आहे. तो पडदा माझ्याकडे मे १९९३मध्ये असता तर काका हसले होते याचा पुरावा असता.

आणि फळ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर, तो प्रश्नच चुकीचा जमाखर्च आहे. एका बाजूला कॅमेरा अधिक तो माणूस, दुसऱ्या बाजूला नुसता कॅमेरा, अशी आपण तुलना करतो आणि फिल्मला गुण देतो. ते गुण त्याचे. तो आता झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो करतो. मी जातो अधूनमधून. मागच्या महिन्यात त्याला २००६ची कॉपी दाखवली, तेवढी एक वरच्या मजल्यावर होती. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "हे तुम्हीच करायला पायजे हुतं साहेब. आता मी कुठं हाय मधी?"

मग त्यानं मोबाइलवर करून दाखवलं. पुढच्या संक्रांतीला तुम्हीही करा. पडद्यावर हलव्याच्या दागिन्यांवर बोट ठेवायचं, बहुतेक फोनवर शेजारी सूर्याचं चित्र येतं, ते खाली ओढायचं. साडी काळी होईपर्यंत. सूर्याचं चित्र, बघा! अण्णांच्या क्लिक थ्रीवर होतं तेच.

अध्यक्ष उठले. प्रश्नोत्तरं चहाबरोबर. ज्यांनी जुने अल्बम आणलेत त्यांनी त्या डावीकडच्या टेबलापाशी थांबा. आपण फोटोंच्या पाठी बघणार आहोत. चिकटलेला फोटो ओढून काढू नका, मला हाक मारा. आणि भडंगाचे हात आधी पुसा.