एका डोंगराभोवती तीन देश

[दृश्य : टेबलावर पसरलेला नकाशा. जिनिव्हा, शामोनी, मार्तिन्यी, आओस्ता या नावांभोवती पेन्सिलीची वर्तुळं.]

युरोपची सहल म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. किती देश? दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या जाहिराती अजूनही येतात. गाडी स्वतः चालवायची असेल, तर हा हिशेब बाजूला ठेवा आणि एक डोंगर निवडा. आम्ही निवडलाय मों ब्लां. उंची ४८०० मीटरच्या वर, आल्प्समध्ये सगळ्यात जास्त. एका अंगाला फ्रान्स, दुसऱ्या अंगाला इटली आणि ईशान्येला थोडं पुढे गेलं की स्वित्झर्लंड.

जिनिव्हाला उतरायचं, भाड्याची गाडी घ्यायची, डोंगराला प्रदक्षिणा घालायची आणि गाडी जिनिव्हालाच परत करायची. एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडली तर जबर जादा भाडं पडतं, ते इथे वाचतं. दिशाही देवळातलीच ठेवू, म्हणजे डोंगर कायम उजव्या हाताला.

डोंगराच्या पायथ्याच्या शामोनी या फ्रेंच गावापासून पुन्हा शामोनीपर्यंतचा हा फेरा साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा. मुंबई-कोल्हापूरपेक्षा कमी. म्हणून कुणी म्हणेल, दोन दिवसांत उरकू. नका उरकू. वाटेत दोन हजार मीटरच्या वरचे दोन घाट आहेत आणि बाकीचे वेगळेच.

[दृश्य : जूनमधला घाटरस्ता. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच बर्फाच्या भिंती.]

नियोजनाची सुरुवात तिकिटापासून नाही, घाटापासून करायची. थोरला सेंट बर्नार्ड, २४६९ मीटर. धाकटा सेंट बर्नार्ड, २१८८ मीटर. दोन्ही हिवाळाभर बंद असतात. थोरला साधारण जूनमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरात मिटतो. म्हणजे आपली हक्काची मे महिन्याची सुट्टी इथे कामाची नाही. ऑगस्टमध्ये अख्खा फ्रान्स आणि इटली सुट्टीवर असतो. त्यांचा १५ ऑगस्टही सुट्टीचाच, कारण वेगळं. आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

[दृश्य : पासपोर्ट, दोन परवाने, क्रेडिट कार्ड.]

कागदपत्रं. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात, त्यामुळे व्हिसा एकच. जास्त रात्री जिथे काढणार, त्या देशाकडे अर्ज. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. परिवहन पोर्टलवर अर्ज होतो, तो वर्षभर चालतो. मूळ लायसन्स मात्र सोबत हवंच, नुसत्या परवान्याला अर्थ नाही. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं. आणि गाडी कुठल्या कुठल्या देशांत नेणार, ते बुकिंग करतानाच सांगा.

आता स्वित्झर्लंडची गंमत. शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही. त्यामुळे सीमेवर पासपोर्ट कुणी मागेलच असं नाही, कस्टमवाला मात्र डिकी उघडायला सांगू शकतो. चलन फ्रँक. ‘युरोप’ म्हणून घेतलेल्या सिमकार्डात स्वित्झर्लंड आहे की नाही, हेही तपासून घ्या. महामार्गांसाठी ‘विन्येट’, म्हणजे टोलचा परवाना लागतो, ४० फ्रँकचा, आणि तो वर्षाचाच घ्यावा लागतो, चार दिवस जायचं असलं तरी. जिनिव्हा विमानतळाच्या स्विस बाजूने (दुसरी बाजू फ्रेंच) घेतलेल्या गाडीला तो आधीच असतो.

[दृश्य : गाडीच्या काचेतून. निळी पाटी जाते, हिरवी येते.]

उजवीकडून गाडी चालवायची सवय अर्ध्या दिवसात होते. घोळ होतो तो पाट्यांचा. फ्रान्समध्ये महामार्गाची पाटी निळी, साध्या मुख्य रस्त्याची हिरवी. स्वित्झर्लंड आणि इटलीत बरोबर उलट. टोल टाळायचा म्हणून निळी पाटी सोडणारा माणूस सीमा ओलांडली की हिरवी धरतो आणि थेट महामार्गावर जातो. शेजारी बसणाऱ्याने एवढ्यापुरतं तरी जागं राहावं.

[दृश्य : शामोनीचं खोरं. गावाच्या वर झुकलेली बोसों हिमनदी.]

जिनिव्हाहून तासा-सव्वातासात शामोनी. गावात शिरण्याआधी उजवीकडे वर बघा. ही बोसों हिमनदी.

२४ जानेवारी १९६६. मुंबईहून निघालेलं एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना मों ब्लांवर आदळलं. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्याआधी १९५० मध्ये एअर इंडियाचंच ‘मलबार प्रिन्सेस’ याच डोंगरावर कोसळलं होतं. बर्फाने गिळलेलं सामान ही हिमनदी इंचाइंचाने खाली आणते आणि वितळताना बाहेर टाकते. २०१२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली निघाली. पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला पाचू-माणकांची पेटी सापडली आणि त्याने ती पोलिसांत जमा केली. २०२० मध्ये वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधींच्या पंतप्रधानपदी निवडीची बातमी असलेली. वाळवल्यावर वाचता येत होती.

शामोनीत लोक केबल कार आणि चॉकलेटं करून निघून जातात. मराठी माणसाने निदान दहा मिनिटं इथे गाडी थांबवावी.

[दृश्य : बोगद्याचं तोंड, वाहनांची रांग.]

याच हिमनदीजवळून मों ब्लां बोगद्याची वाट फुटते. ११.६ किलोमीटर, १९६५ पासून वापरात, पलीकडे इटली. २४ मार्च १९९९ ला आत एका ट्रकने पेट घेतला. मैदा आणि मार्गरीन भरलेला ट्रक. ३९ माणसं गेली, आणि बोगदा तीन वर्षं बंद राहिला. आज आत ताशी ७० ची मर्यादा आहे आणि पुढच्या गाडीपासून दीडशे मीटर अंतर ठेवावं लागतं. एकेरी टोल पन्नास युरोंच्या वर. अडीनडीला ठीक. पण प्रदक्षिणेला निघालेल्याने गाभाऱ्यातून आरपार जाण्यात काय मजा?

[दृश्य : फोर्क्लाझ घाटाचा उतार. खाली मार्तिन्यी, द्राक्षमळे.]

आपण मोंते आणि फोर्क्लाझ हे घाट ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरतो. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आपल्याकडचाच. इथे पाळतात, एवढाच फरक.

मार्तिन्यीहून थोरला सेंट बर्नार्ड. माथ्यावर अकराव्या शतकापासून धर्मशाळा आहे, वाट चुकलेल्या प्रवाशांसाठी संत बर्नार्ड यांनी उभारलेली. ते जाडजूड प्रेमळ कुत्रे इथलेच. १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनने याच वाटेने सैन्य नेलं. तोफांच्या नळ्या पोखरलेल्या ओंडक्यांत घालून सैनिकांनी दोरांनी ओढल्या. तुमच्या गाडीने दुसरा गिअर मागितला तर फार चिडू नका.

[दृश्य : आओस्ता. रोमन कमान, जुन्या गल्लीच्या तोंडावर लाल कड्याची गोल पाटी.]

इटलीत जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेड-टी-एल’ असतं, परवानगीशिवाय गाडी आणायला बंदी. शिपाई नाही, बॅरिकेड नाही, फक्त कॅमेरा. दंडाची नोटीस काही महिन्यांनी येते, आणि गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव कळवल्याचे पैसे कार्डावर लावते ते वेगळेच. गाडी बाहेर लावा, आओस्ता चालत बघा.

मग धाकटा सेंट बर्नार्ड. माथ्यावर प्राचीन दगडांचं वर्तुळ, आणि सीमा तिथेच. पुन्हा फ्रान्स. पुढे रोझलां धरण. १९६० च्या सुमारास पाण्याखाली गेलेल्या गावाच्या देवळाची प्रतिकृती काठावर उभी आहे. पानशेत, कोयना, जायकवाडी पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. खाली बोफोर गावात चीज घ्या, मेझेव्हवरून महामार्गाला लागा.

[दृश्य : जिनिव्हा विमानतळाकडे जाणारा रस्ता, दोन फाटे.]

शेवटची सूचना, सगळ्यात महागात पडणारी. जिनिव्हा विमानतळाला दोन बाजू आहेत, स्विस आणि फ्रेंच. फ्रेंच बाजूला जायला फर्ने-व्होल्तेर गावातून कुंपण घातलेला वेगळा रस्ता आहे. गाडी जिथून घेतली, तिथेच परत द्यायची. नकाशाच्या अ‍ॅपला नुसतं ‘विमानतळ’ सांगू नका, पार्किंगचा पूर्ण पत्ता टाका. आणि टाकी त्याआधीच भरून घ्या.