डीप ब्लू, कास्पारोव्ह आणि तो संशय

१९८५ सालचं हॅम्बर्ग. गॅरी कास्पारोव्ह तेव्हा २२ वर्षांचा, जगज्जेता व्हायला अजून काही महिने बाकी, आणि त्याच्यासमोर ओळीने मांडलेले ३२ चेस कॉम्प्युटर. हा एकेका पटापाशी जातो, चाल करतो, पुढच्याकडे वळतो. पाचेक तास असं चाललं आणि निकाल लागला ३२-०. एक ड्रॉसुद्धा नाही! त्यातलं एक मॉडेल तर त्याच्याच नावाने विकलं जायचं, नेमका तोच डाव अडचणीत आला होता, मग पठ्ठ्याने तिथे सरळ थाप मारली, एक मोहरा बळी दिला आणि मशीन फसलं.

तर तेव्हा परिस्थिती ही होती. मशीनला गंडवता यायचं.

त्याच सुमाराला अमेरिकेत कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत फेंग-श्युंग शू नावाचा तैवानचा एक विद्यार्थी बुद्धिबळासाठी वेगळी चिप बनवत होता. त्यातूनच पुढे डीप थॉट नावाचा बुद्धिबळ खेळणारा कॉम्प्युटर आला, त्याला कास्पारोव्हने १९८९ मध्ये न्यूयॉर्कला २-० हरवलं. मग आयबीएमने शू आणि त्याचा जोडीदार मरी कॅम्पबेल यांना नोकरीवर घेतलं, पैसा ओतला, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियात त्याचीच पुढची आवृत्ती, डीप ब्लू, समोर आलं. पहिलाच डाव मशीनने जिंकला. गादीवर असलेला जगज्जेता पूर्ण वेळेच्या डावात कॉम्प्युटरकडून हरला असं याआधी कधी झालंच नव्हतं. पण गडी सावरला आणि सामना ४-२ ने खिशात घातला. लोक म्हणाले, चला, अजून वेळ आहे. वेळ होता पंधरा महिने.

मे १९९७. न्यूयॉर्क, इक्विटेबल सेंटर, ३५ वा मजला. खोली एखाद्या अभ्यासिकेसारखी सजवलेली, फार मोठी नाही. प्रेक्षक खालच्या थिएटरमध्ये, ते सगळं पडद्यावर बघतायत. कास्पारोव्हसमोर जो माणूस बसलाय ना, तो त्याचा प्रतिस्पर्धी नाहीये. टीममधली तिघं, शू, कॅम्पबेल आणि जो होन, आळीपाळीने तिथे बसायची, स्क्रीनवर आलेली चाल पटावर करायची आणि कास्पारोव्हची चाल टाइप करायची. इतक्या वर्षांत कास्पारोव्हने समोरच्याच्या डोळ्यांत बघून, भुवया उडवून, डोकं धरून कित्येकांचं पाणी केलं होतं, त्याचा इथे काय उपयोग? समोरच्याला घाम फुटला तरी खेळणारा तो नाहीच, खेळणारं आहे दोन मोठ्या काळ्या कपाटांत, ४८० खास चिप्स, सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारं. जिंकणाऱ्याला ७ लाख डॉलर, हरणाऱ्याला ४ लाख.

पहिला डाव, ३ मे, कास्पारोव्हने आरामात जिंकला. पण शेवटाकडे एक गंमत झाली. मशीनने ४४ व्या चालीला हत्ती अशा घरात नेऊन ठेवला की कुणालाच अर्थ लागेना. टीमच्या लोकांनी नंतर सांगितलं की तो बग होता, प्रोग्रॅम गोंधळला आणि आली तशी चाल खेळला. हे कास्पारोव्हला कुठे माहीत? तो आणि त्याची माणसं त्या चालीचा अर्थ लावत बसली आणि निष्कर्ष काढला की मशीनला पुढच्या वीसेक चालींत स्वतःवर मात दिसली असणार, म्हणून त्याने दुसरा मार्ग धरला. म्हणजे बघा, चूक मशीनची आणि धसका यांनी घेतला.

आणि या धसक्यानिशी तो दुसऱ्या दिवशी बसला दुसऱ्या डावाला. मला विचाराल तर खरा सामना हा एकच डाव. सहावा नाही.

डीप ब्लू पांढऱ्याने खेळतंय. ३६ वी चाल. वजीर आत घुसवून प्यादी खाता येतायत, आणि तेव्हाचा कुठलाही कॉम्प्युटर म्हटला की समोर प्यादं दिसलं की खाणारच, कास्पारोव्हने त्याच हिशोबाने सापळा लावून ठेवलेला. मशीनने प्यादी सोडून दिली. आधी एक प्याद्याची अदलाबदल, मग उंट शांतपणे ई ४ वर आणून बसवला, संपला विषय, काळ्याच्या सगळ्या वाटा बंद. असं खेळतो तो माणूस, आणि माणूस म्हणजे कुणीही नाही, एखादा कार्पोव्ह, कास्पारोव्हच्या आधीचा जगज्जेता! कास्पारोव्ह कार्पोव्हशी वर्षानुवर्षं भांडलेला, त्याला तो गळा आवळण्याचा प्रकार चांगला ओळखीचा होता. थोड्या चालींनी, ४५ व्या चालीनंतर, त्याने डाव सोडला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच माणसांनी त्याला सांगितलं की अरे, तिथे वजीर ई ३ वर नेऊन ड्रॉची वाट होती. ते ऐकून तो मनातून पार खचला, कारण अशी वाट त्याने शोधलीच नव्हती. का नाही शोधली? कारण त्याने धरूनच चाललं होतं की मशीनने सगळं मोजलंय, त्यात भोक असणार नाही. आदल्या दिवशीच्या बगने केलेलं काम हे. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना दहशत घातली त्याला एका सॉफ्टवेअरच्या चुकीने दहशत घातली, याच्यासारखी चेष्टा नाही.

तिथून पुढे तो पटावर कमी आणि पत्रकार परिषदेत जास्त लढला. हा खेळ मशीनचा वाटत नाही, मला लॉग, म्हणजे मशीनने काय काय मोजलं त्याची नोंद, दाखवा, कागद दाखवा. तिसऱ्या डावानंतर तर त्याने १९८६ च्या फुटबॉलमधल्या मॅराडोनाच्या त्या हाताच्या गोलचा दाखला दिला, देवाचा हात म्हणे. म्हणजे आरोप काय, तर कपाटात माणूस आहे. याला जुना इतिहास आहे बरं का, १७७० मध्ये युरोपात तुर्की वेशातला एक यांत्रिक बाहुला बुद्धिबळ खेळायचा, भलेभले त्याच्याकडून हरले, आणि आत पेटीत खरंच एक माणूस दडून बसलेला असायचा. पण आयबीएमने लॉग तेव्हा दिले नाहीत, पुढे कधीतरी इंटरनेटवर टाकले. हा मात्र त्यांचा हट्ट वाईट होता, दिले असते तर निम्मा वाद तिथेच मिटला असता.

तिसरा, चौथा, पाचवा डाव ड्रॉ. सहावा, ११ मे, गुण २.५-२.५. कास्पारोव्ह काळ्याने कारो-कान ही ओपनिंग खेळला, सातव्या चालीला कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि मशीनने फाडकन घोडा बळी दिला. १९ चालींत खेळ खल्लास, तासाभराचं काम. ३.५-२.५. आयबीएमने पुन्हा सामना दिलाच नाही, डीप ब्लूला निवृत्त केलं. वीस वर्षांनी कास्पारोव्हने स्वतःच सूर बराच मवाळ केला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नंतरचं पटकन सांगतो. २००२ मध्ये बहारीनला ग्रँडमास्टर क्रामनिक आणि डीप फ्रिट्झ हा प्रोग्रॅम यांचा सामना ४-४. २००३ मध्ये कास्पारोव्ह दोनदा खेळला, दोन्ही सामने बरोबरीत. आणि मग २००६, बॉन.

क्रामनिक तेव्हा जगज्जेता, शांत डोक्याचा माणूस. त्याला सवलतही चांगली होती, फ्रिट्झ ओपनिंगच्या पुस्तकातून, म्हणजे आधीच साठवलेल्या सुरुवातीच्या चालींतून, खेळत असेल तोवर ते पुस्तक त्याला स्क्रीनवर दिसायचं. दुसऱ्या डावात काळ्याने तो छान खेळत होता. ३४ व्या चालीला त्याने वजीर ई ३ वर ठेवला, हो, तेच घर, उठला, कप हातात घेतला आणि विश्रांतीच्या खोलीकडे निघाला. तेवढ्यात ऑपरेटरने पांढरा वजीर एच ७ वर ठेवला. मात. एका चालीत मात, जी क्लासमधलं पोरगंही बघेल! क्रामनिकने कपाळाला हात लावला, परत येऊन खुर्चीत बसला, स्कोअरशीटवर सही केली. सामना फ्रिट्झने ४-२ ने घेतला आणि जगज्जेता विरुद्ध कॉम्प्युटर असे मोठे सामने जवळपास तिथेच थांबले, कारण बघायला उरलं काय?

आता तुमच्या खिशातला मोबाइल माजी जगज्जेत्या कार्लसनला हरवेल. त्यामुळे संशय उलटा फिरलाय, मशीनमध्ये माणूस आहे का हे कुणी विचारत नाही, माणसाच्या मागे मशीन आहे का हे विचारतात. २०१९ मध्ये स्ट्रासबर्गला एक ग्रँडमास्टर डाव चालू असताना टॉयलेटमध्ये फोनसकट सापडला. २०२२ मध्ये सेंट लुईसला कार्लसन एक डाव हरून स्पर्धाच सोडून गेला, तर त्याच दिवशी आयोजकांनी लाइव्ह प्रक्षेपण १५ मिनिटं उशिरा दाखवायला सुरुवात केली आणि खेळाडूंची तपासणी कडक केली. मोठ्या स्पर्धांत आता दारातच मेटल डिटेक्टर फिरवतात, मोबाइल तर सोडाच, घड्याळसुद्धा बाहेर काढून ठेवावं लागतं.