पोस्टकार्डावर मावणारं विमान

(दृश्य: टेबल-लॅम्पच्या उजेडात एक छोटं हिरवं विमान. कॅमेरा हळूहळू पंखाजवळ. ब्रशचे फराटे स्पष्ट दिसतात.)

निवेदन:

हे फराटे जरा नीट बघा.

प्रदर्शनात हे मॉडेल मांडलं होतं, तेव्हा एक शाळकरी मुलगा टेबलावर वाकून म्हणाला, "काका, ब्रश मारलेला दिसतोय." त्याच्या बाबांनी ओशाळून त्याला मागे ओढलं. पण पोरगं बरोबर बोललं होतं. परीक्षकांनीही कागदावर तेच लिहिलं होतं, 'रंगकाम असमान', आणि गुण कापले होते.

हे असमान रंगकाम जमायला मला तीन रविवार लागले.

(दृश्य: विमान उचलून एका जुन्या पोस्टकार्डावर ठेवलं जातं.)

प्रमाण एकास बहात्तर. पंखांची लांबी १० सेंटिमीटरच्या किंचित वर, नाकापासून शेपटीपर्यंत ८. आपलं पंधरा पैशांचं पिवळं पोस्टकार्ड आठवतं ना? त्यावर अख्खं विमान बसतं, वर पत्ता लिहायला जागा उरते. खरं विमानही असंच चिमुकलं होतं. एमएफआय-९बी, स्वीडनमधल्या मालमोच्या कारखान्यातलं. दोन माणसं शेजारी शेजारी बसणार, पुढे १०० अश्वशक्तीचं इंजिन. भरल्या वजनानिशीही मारुती ८००पेक्षा हलकं. रविवारी हौसेने उडवायचं, फार तर शिकाऊ वैमानिकाच्या हाती द्यायचं विमान.

२२ मे १९६९ला अशा विमानांनी नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टच्या विमानतळावर रॉकेटं डागली.

(दृश्य: नकाशा. पश्चिम आफ्रिका, मग नायजेरियाचा आग्नेय कोपरा.)

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९६६मध्ये नायजेरियात लष्करी उठाव झाले आणि उत्तरेत इग्बो लोकांच्या कत्तली झाल्या. ३० मे १९६७ला ओजुक्वू या लष्करी अधिकाऱ्याने पूर्वेकडचा प्रांत स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. त्याचं नाव बियाफ्रा. जुलैत युद्ध पेटलं. जमिनीखाली तेल होतं, त्यामुळे बाहेरच्यांनाही रस होता. ब्रिटन आणि सोव्हिएत संघ एरवी एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत, इथे मात्र दोघेही नायजेरियाला शस्त्रं पुरवत होते. फ्रान्स गुपचूप दुसऱ्या बाजूला. मे १९६८मध्ये पोर्ट हारकोर्ट पडलं, बियाफ्राचा समुद्र तुटला आणि उपासमार सुरू झाली. फुगलेल्या पोटांच्या मुलांचे ते फोटो जगाने पाहिले ते इथले. युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून जास्त माणसं गेली, बहुतेक भुकेने.

(दृश्य: पुन्हा टेबल. हातात लाकडाचा छोटा साचा.)

आता कामाकडे येऊ. या विमानाचा सांगाडा मी प्लास्टिक शीट कापून उभा केला. कॉकपिटवरच्या पारदर्शक घुमटासाठी आधी लाकडाचा साचा कोरला, पॉलिश पेपरने घासून काचेसारखा गुळगुळीत केला. मग पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तो साचा घालायचा आणि बाहेरून गरम हवा मारायची. बाटली आकसते आणि साच्याला चिकटून बसते. पहिल्या चार बाटल्या वाया गेल्या. पाचवी जमली, आणि ती नेमकी कापताना तडकली.

दुसरी पंचाईत वजनाची. याला पुढे एक आणि मागे दोन अशी चाकं आहेत. नाकात वजन घातलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. आणि नाक केवढं, तर करंगळीच्या टोकाएवढं. गळाला लावायचं शिसं ठेचून, अक्षरशः कोंबून कोंबून भरलं.

पंखांखाली दोन रॉकेटच्या नळ्या, प्रत्येकीत सहा रॉकेटं. रॉकेटचा खरा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे माझ्याकडे एक मिलिमीटरपेक्षा कमी. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने सहा भोकं पाडायची, तीही एकमेकांत न मिसळता. श्वास रोखून पाडायची. घरात कुणी दार आपटलं तरी भोक वाकडं जातं.

(दृश्य: कृष्णधवल चित्रांच्या चौकटीतून एक उंच, वयस्क युरोपीय माणूस.)

या विमानांना रॉकेटं बांधायची कल्पना ज्याची, तो माणूस म्हणजे एक स्वतंत्र माहितीपट आहे. काउंट कार्ल गुस्ताफ फॉन रोसेन. स्वीडनच्या सरदार घराण्यातला. त्याची मावशी नाझी नेता हर्मन गोरिंगची पहिली बायको. पण भाचा गेला भलत्याच वाटेने. इटलीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा हा तिथे रेड क्रॉससाठी ॲम्ब्युलन्स विमान उडवत होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इथिओपियाचं हवाई दल उभं करायला परत गेला. ऑगस्ट १९६८मध्ये औषधं घेऊन, झाडांच्या शेंड्यांना घासत, नाकेबंदी चुकवून तो बियाफ्रात उतरला. तिथे जे पाहिलं त्यानंतर नुसती औषधं पोचवून त्याचं समाधान होईना. पुढच्या वर्षी परत आला तो या पाच विमानांसह. वय ५९.

विमानं गॅबनमध्ये आणली आणि तिथे रंगवली. सांगतात की रंग फोक्सवॅगन गाड्यांचा होता, हिरव्याच्या दोन छटा. घाईत, हाताला लागेल त्या ब्रशने.

इथेच मला थांबायचं होतं.

मॉडेल करणारे आम्ही लोक रंगाच्या बाबतीत सोवळ्यातले. अमेरिकन विमान असेल तर रंगाला प्रमाणित नंबर असतो. जर्मन असेल तर दोघांचं भांडण जुंपतं, पण निदान भांडायला कागद असतो. इथे कारच्या रंगाचा डबा आणि कृष्णधवल फोटो. आधी मी एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारून, सुंदर, एकसारखा थर दिला. विमान देखणं दिसू लागलं, एखाद्या श्रीमंत देशाच्या हवाई दलातलं वाटावं इतकं. दोन दिवस कपाटात ठेवलं आणि मला ते बघवेना. सगळा रंग उतरवला. मग एक जुना ब्रश घेतला, त्याचे केस कात्रीने छाटले आणि मुद्दाम कमी रंग घेऊन फराटे ओढले. पण फराटाही प्रमाणात हवा! खरा ब्रश दोन इंची धरला तर माझा फराटा पाऊण मिलिमीटरच्या आत बसायला हवा. म्हणून तीन रविवार.

(दृश्य: रडारचा हिरवा पडदा नाही. फक्त माडांचे शेंडे, वेगाने मागे सरकणारे.)

ही विमानं जमिनीला इतकी लगटून यायची की दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा. पोर्ट हारकोर्टनंतर बेनिन शहर, एनुगू, मग उगेलीचं वीजकेंद्र. एका आठवड्यात. नायजेरियाकडे मिग-१७ होती, इल्यूशिन बॉम्बफेकी विमानं होती. किती नष्ट झाली यावर दोन्ही बाजूंचे आकडे कधीच जुळले नाहीत. लोकांनी या विमानांना नाव दिलं 'बियाफ्रा बेबी'.

(दृश्य: कपाटाचा वरचा कप्पा. चंदेरी-करडं दोन इंजिनांचं जेट.)

शेजारी दिसतंय ते आपल्या हवाई दलाचं कॅनबेरा, बॉम्बफेकी विमान. त्याची गोष्टही आफ्रिकेचीच. १९६०मध्ये काँगोपासून कटांगा प्रांत फुटला. त्याच्याकडे लढायला फूगा मॅजिस्टर नावाचं मूळचं शिकाऊ जेट होतं, एकच शिल्लक. त्या एकट्याने सप्टेंबर १९६१मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या फौजांना जेरीस आणलं. मग या फौजांच्या मदतीला स्वीडन आणि इथिओपियाची लढाऊ विमानं आली आणि भारताची पाच नंबर स्क्वाड्रनची कॅनबेरा. डिसेंबरमध्ये कॅनबेरांनी कटांगातल्या कोल्वेझीच्या विमानतळावर हल्ला केला. त्याच महिन्यात, ५ तारखेला, कटांगाच्या राजधानीत, एलिझाबेथव्हिलमध्ये, कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांनी प्राण दिले, परमवीरचक्राचे मानकरी. प्रदर्शनात या कॅनबेराजवळ येऊन लोक विचारतात, "हे एकाहत्तरचं ना?" काँगो म्हटलं की गप्प होतात.

(दृश्य: अंधार. दोन ओळी दिवे क्षणभर लागतात, विझतात.)

बियाफ्राकडे परत येतो, कारण एक मॉडेल राहिलंय. उली. हमरस्त्याचा एक तुकडा रुंद करून केलेली धावपट्टी, जेमतेम २०-२५ मीटर रुंद. रात्री साओ टोमे आणि फर्नांडो पो बेटांवरून विमानं यायची. विमान अगदी टेकायला आलं की दिवे लागायचे, लगेच बंद. पोटात दूध पावडर, मीठ, औषधं, नॉर्वेचा सुकवलेला कॉड मासा. त्याच रस्त्यावर, त्याच रात्री, दुसऱ्या विमानांतून बंदुकाही उतरायच्या. वरून घिरट्या घालणाऱ्याला कोणतं विमान कशाचं, हे अंधारात कसं कळणार?

५ जून १९६९ला, पोर्ट हारकोर्टच्या हल्ल्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, नायजेरियाच्या मिगने रेड क्रॉसचं डीसी-७ हे मदत घेऊन येणारं विमान पाडलं. आतले सगळे गेले. रेड क्रॉसची उड्डाणं थांबली. हिरव्या विमानांच्या पराक्रमाची किंमत पांढऱ्या विमानाने मोजली का, यावर आजही वाद आहे. मला स्वतःला वाटतं, संबंध होता. फॉन रोसेनचा हेतू कितीही चांगला असला तरी.

(दृश्य: टेबलावर पांढऱ्या प्लास्टिकचे मोठे, न जोडलेले भाग. शेजारी पोस्टकार्डावर हिरवं विमान.)

ते डीसी-७ आता करायला घेतलंय. याच प्रमाणात त्याचे पंख जवळपास अर्धा मीटर होतात आणि उलीचा रस्ता जेमतेम ३० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना पंख रस्त्याच्या बाहेर, झाडांकडे. कपाटात हे मावणार नाही, सुताराला सांगून ठेवलंय.

याला मात्र एअरब्रश काढलाय. पांढरा रंग, दोन हात, आणि मग लाल क्रॉस.