अभिवादन आणि भूमिका

मित्रहो, आजच्या विषयाची सुरुवात मी एका खिडकीपासून करतो. गेल्या महिन्यात इथे नागपुरात सीताबर्डीच्या एका कार्यालयात दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. खिडकीपलीकडचा तरुण कारकून मान वर न करता प्रत्येकाला ‘कागद दाखव’ म्हणत होता, मग समोर सत्तरीचे गृहस्थ असोत की कॉलेजातली मुलगी. इतक्यात त्याचा फोन वाजला. ‘हो जी मामाजी, संध्याकाळी येतोच जी,’ असे म्हणताना त्याचा आवाज मऊ झाला आणि ताठलेले खांदे उतरले. फोन ठेवला आणि पुन्हा ‘कागद दाखव’. तो मुळात उद्धट होता असे मला वाटत नाही. खुर्चीची एक बोली त्याच्या अंगवळणी पडली होती आणि नात्यातली दुसरी.

भूमिकेला गटाची जोड मिळाली की ही गोष्ट अधिक गंभीर होते. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ती स्वतः भोगली होती. पोलंडमध्ये १९१९ साली जन्मलेला हा ज्यू तरुण दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात असताना जर्मनांच्या हाती सापडला. आपण पोलिश ज्यू आहोत हे त्याने लपवले, फ्रेंच म्हणून राहिला आणि वाचला. पोलंडमधले त्याचे जवळपास सगळे कुटुंब मारले गेले. पुढे ब्रिस्टलमध्ये त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांचे दोन गट केले. तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रे आवडली की कँडिन्स्कीची, यावरून हे गट पाडले असे मुलांना सांगितले; प्रत्यक्षात वाटणी कशीही केलेली होती. मग त्यांनी इतर मुलांना पैसे वाटायचे होते, स्वतःला काहीही देता येत नव्हते. तरी मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या गटाशी अंतर राहावे म्हणून आपल्या गटाला थोडे कमी मिळणेही अनेकदा पत्करले. १९७० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

क्षुल्लक आवडीवरून आखलेली रेघ एवढे करू शकते, तर पिढ्यान्‌पिढ्या सत्तेच्या जोरावर आखलेली रेघ काय करत असेल? महार समाजाला वरच्या मानलेल्या जातींपुढे ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. शब्दाचा यात काही दोष नाही, कारण आदिवासी समाजात जोहार हे आजही सन्मानाचे अभिवादन आहे. दोष होता तो जोहार एकाच बाजूने जाण्यात, कारण ऐकणाऱ्याने उलट जोहार घालण्याची रीतच नव्हती. येथून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवरच्या कामठीचे बाबू हरदास यांनी ‘जय भीम’ रुजवले, आणि त्याचे उत्तरही ‘जय भीम’च असते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्म स्वीकारला, त्याच्या कितीतरी आधी ही बरोबरी माणसांच्या तोंडी आली होती. दीक्षाभूमीच्या गर्दीत खेड्यातली आजी आणि शहरातला डॉक्टर एकमेकांना तोच शब्द देतात, तेव्हा दोघांपैकी कोणीही याचक नसतो.

माझे एक सहकारी रोज सकाळी स्टाफरूममध्ये येताना ‘जय भीम’ म्हणत. आम्ही बहुतेक जण ‘नमस्कार’ म्हणत असू, आणि आदरानेच म्हणत असू. कोण काय उत्तर देतो याकडे आपले इतकी वर्षे लक्ष असे, हे त्यांनी मला सांगितले ते निवृत्तीच्या दिवशी, कपाटाची किल्ली परत करताना.